नाकासमोर

माघातलं अवकाळी आभाळ सातशे फुटांवर फाटलं
आणि उजळाईवाडीची धावपट्टी नाकासमोर आली.
खाली गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या, निळे पत्रे,
कुणीतरी पेटवलेल्या पाचटाचा धूर शेतावर आडवा.
चाकं खाली. फ्लॅप पूर्ण. वेग लागेल तेवढाच.
नाक किंचित उचललेलं, आणि ते तसंच राहावं म्हणून
ट्रिम मागे घेऊन ठेवलेली मी,
कलत्या शिडीला टेकू द्यावा तशी.

दीडशे फुटांवर मुल्लाणी सर म्हणाले, "कोल्हा."
मला वाटलं, गावाचं नाव त्यांच्या तोंडात अर्धंच राहिलं.
मग दिसला.
पट्टीच्या मधोमध, शेपूट सांभाळत,
सातबाऱ्यावर नाव असल्यासारखा उभा.

"गो-अराउंड."
म्हणाले मीच. हातही माझाच.
लिव्हर पुढे, पार पुढे.

नंतर सांगायला सोपं असतं:
इंजिनं पंखांखाली टांगलेली,
जोर खालून लागतो, म्हणून नाक वर पळतं.
विमान हलकं, एकोणतीस माणसं, टाकीत तळाला इंधन,
त्यात माझीच ट्रिम, मघाचा तो टेकू,
आता फितूर होऊन त्याच बाजूला रेटणारा.
बारा अंश. पंधरा. अठरा.
वेगाचा आकडा जागच्या जागी घुटमळला.

वर जायचं होतं
आणि मी दांडा पुढे ढकलत होते.
अंगठ्याखाली ट्रिम, टिचकी टिचकीनं पुढे.
लग्नघरात नाक उडवणाऱ्या पोरीला
आत्या नुसत्या डोळ्यांनी दटावते ना, तेवढंच:
खाली ये. पंधरावर. तिथंच राहा.

"चढतंय," सर म्हणाले.
"चाकं वर," मी म्हणाले.

मग ढगानं काच पुसून टाकली
आणि कान बोलू लागला.
वेग वाढला की कानातलं पाणी मागे कलंडतं
आणि शपथेवर सांगतं: बाई, तू उताणी पडतेस,
ढकल, अजून ढकल.
तो मुद्दाम खोटं बोलत नाही.
बसल्या जागी, डोळे नसताना, त्याला एवढंच कळतं.
त्याच्यावर विश्वास ठेवून माणसांनी
नीट चढणारी विमानं जमिनीत नेली आहेत.

समोर पडद्यावर वर निळं, खाली तपकिरी.
मध्ये एक पांढरी रेघ.
बघत राहिले तिच्याकडे.
उद्यमनगरात बत्तीस वर्षं आप्पा लेथवर उभे.
शाळा सुटली की मी डब्यावर बसून बघायची.
म्हणायचे, "हाताला काय वाटायचं ते वाटू दे की.
माप काय म्हणतंय ते बघ."
पंधरा म्हणत होतं.
कान ओरडत होता. पंधरा म्हणत होतं.

दुसऱ्या खेपेला पट्टी मोकळी होती.
उतरताना एका गृहस्थांनी विचारलं,
"काय मॅडम, रस्ता चुकला का?"
मी नमस्कार केला.

सरनोबतवाडीच्या घरात आप्पा जेवायला थांबलेले.
"साडेअकराला आवाज बदलला," म्हणाले.
"दबून येत होता, एकदम मोकळा सुटला.
तुझाच का गं?"
"पट्टीवर कोल्हा होता."
हसले नाहीत.
आमटीत भाकरी कुस्करत राहिले बराच वेळ.
"मग? ओढलंस?"
"नाही. ढकललं."
"किती?"

मी अंगठा आणि तर्जनी जवळ आणली,
मधे चिमूटभर मीठ मावेल एवढी फट.
त्यांनी चष्मा कपाळावर चढवला,
माझा हात उजेडाकडे वळवला
आणि ती फट नीट बघितली.